सहा रेसचा पूल: घोडे निवडण्याआधी तिकिटाचा आकार ठरवा

रेसचा नाद नव्याने लागलेला माणूस मोठ्या पूलकडे, म्हणजे एकाच तिकिटावर सहा रेसचे विजेते सांगायच्या पैजेकडे, दोन कारणांनी वळतो. एक तर थोड्या पैशांत मोठी रक्कम दिसते. शिवाय सहा रेस शेवटपर्यंत जीव मुठीत धरून बघायला निमित्त मिळतं. मग तो रेसकार्ड उघडतो, प्रत्येक रेसमध्ये आवडलेले दोन-दोन घोडे निवडतो आणि ६४ कॉम्बिनेशन्सचं (सहा विजेत्यांच्या ६४ वेगवेगळ्या मांडण्यांचं) तिकीट काढून तिसऱ्या लेगला, म्हणजे पूलमधल्या तिसऱ्या रेसला, बाहेर पडतो. पुढच्या खेपेला शहाणपण म्हणून तीन-तीन घोडे घ्यायला जातो, तर कॉम्बिनेशन्स थेट ७२९ होतात. इथेच घोडं पेंड खातं.

घोडे ओळखणारे पुष्कळ असतात. पण कुठल्या रेसमध्ये एकाच घोड्यावर थांबायचं, कुठे पाच घ्यायचे आणि कुठे सरळ अख्खी रेस घ्यायची, हे ठरवता येणारे फार थोडे. मोठ्या पूलमध्ये पैसे या ठरवण्याचे मिळतात. म्हणून या लेखात घोड्यांआधी रेसबद्दल बोलणार आहे, आणि रेसच्याही आधी पूलबद्दल.

(जिथे अशा पैजा कायद्याने चालतात तिथल्या सज्ञान वाचकांसाठीच हे लिहिलं आहे, हे वेगळं सांगायला नको.)

पैसा कुणाचा, वाटतो कोण

बुकीकडे लावलात तर तुमची लढत बुकीशी असते. भाव ठरतो, तो तुमच्या तिकिटावर छापला जातो, विषय संपला. पूलमध्ये तसं नसतं. सगळ्यांचे पैसे एका भांड्यात जमा होतात, चालवणारा त्यातून आपली कपात काढून घेतो आणि उरलेलं जिंकणाऱ्या तिकिटांमध्ये वाटलं जातं. ही पद्धत जोसेफ ओलेर या माणसाने १८६७ च्या सुमाराला पॅरिसमध्ये काढली. (याच ओलेरने पुढे १८८९ मध्ये भागीदारीत 'मूलँ रूज' हे नाचगाण्याचं प्रसिद्ध ठिकाण सुरू केलं. माणसाला गर्दी कशी जमवायची ते कळत होतं.) तिकिटांची बेरीज आपोआप करणारं पहिलं मोठं यंत्र १९१३ मध्ये न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या एलर्स्ली रेसकोर्सवर बसलं. ते बनवणारे जॉर्ज ज्युलियस यांनी मुळात मतमोजणीचं यंत्र तयार केलं होतं. ते मतांसाठी कुणी घेतलं नाही, म्हणून घोड्यांच्या कामी आलं.

नवख्याने यातून एकच गोष्ट डोक्यात पक्की करायची: पूलमध्ये आपली लढत घोड्यांशी नसते, बुकीशीही नसते. ती बाकीच्या तिकिटांशी असते. बरोबर घोडा निवडूनही, तोच घोडा सगळ्यांनी निवडला असेल, तर हाती फारसं काही लागत नाही.

सहा लेगच्या पूलचा एक मोठा फायदाही इथेच आहे, आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. समजा साध्या विन पूलमध्ये (एका रेसचा विजेता सांगायचा पूल) दर वेळी २० टक्के कपात होते. तुम्ही पहिल्या रेसमध्ये जिंकलेलं सगळं दुसऱ्यावर, दुसऱ्याचं तिसऱ्यावर, असं सहा वेळा लावत गेलात, तर कपात सहा वेळा होते. दर शंभरातले जेमतेम २६ वाटपाला उरतात. सहा लेगच्या पूलमध्ये कपात टक्केवारीने जास्त असेल, समजा २५ टक्के, पण ती एकदाच होते. शंभरातले ७५ उरतात. त्यामुळे जिंकणं दुर्मिळ असलं, तरी जिंकलात तर पैसे मोजून कमी दिल्यासारखे वाटत नाहीत.

नियम आधी वाचा, घोडे नंतर

हे काम कंटाळवाणं आहे. पंधरा मिनिटं द्या आणि मोकळे व्हा. पूल किती रेसचा आहे? प्रत्येक लेगमध्ये घोडा पहिलाच यायला हवा, की पहिल्या दोन-तीनात आला तरी चालतो? सहापैकी पाच बरोबर आले तर काही मिळतं का? कुणीच जिंकलं नाही तर पैसे पुढच्या दिवशी जातात का? तुमचा घोडा ऐनवेळी धावला नाही तर काय होतं? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. बऱ्याच ठिकाणी न धावलेल्या घोड्याच्या जागी त्या रेसचा फेव्हरिट (ज्यावर सगळ्यांत जास्त पैसे लागलेत तो घोडा) आपोआप धरला जातो. काही ठिकाणी वेगळा नियम असतो. तिकीट काढण्याआधी तुमच्या पूलचा नियम माहीत हवा.

अगदी नवखे असाल तर प्लेसवर (घोडा पहिल्या दोन-तीनात येण्यावर) चालणाऱ्या पूलपासून सुरुवात करा. ब्रिटनमधला 'प्लेसपॉट' हा याचा जुना नमुना, १९७७ पासून चालू आहे. सहा रेस, प्रत्येकीत तुमचा एक तरी घोडा प्लेसमध्ये यायला हवा. तिथे ५ ते ७ घोडे असतील तर पहिले दोन धरतात, ८ किंवा जास्त असतील तर पहिले तीन, आणि १६ किंवा जास्त घोड्यांच्या हँडिकॅपमध्ये (चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकतात अशा रेसमध्ये) पहिले चार. म्हणजे ७ घोड्यांची रेस आणि ८ घोड्यांची रेस यांत कागदावर एकाच घोड्याचा फरक, पण तुमच्या दृष्टीने एका पूर्ण जागेचा. आठातला एक घोडा सकाळी गळाला की गणित बदलतं. अशा बारीक गोष्टींची सवय इथे स्वस्तात लागते.

किती जाऊ द्यायचे

ही रक्कम रेसकार्ड उघडण्याआधी ठरवा. कार्ड उघडल्यावर ठरवायला गेलात की प्रत्येक लेगमध्ये 'हा एक घोडा तरी घ्यायलाच हवा' असा मोह होतो, आणि प्रत्येक जादा घोडा खर्चाला गुणतो, त्यात नुसती भर टाकत नाही. तीनाचे चार केले म्हणजे एक घोडा वाढला असं वाटतं, प्रत्यक्षात सगळं तिकीट एकतृतीयांशाने महाग होतं.

ही रक्कम बहुतेक दिवशी पूर्ण जाणार आहे, असं धरूनच ठरवायची. घरखर्चातून, उसने घेऊन किंवा काल गेलेले आज काढायचे म्हणून या पूलमध्ये उतरायचं नाही. सहा लेगच्या पूलइतका 'कालचे काढून देणारा' वाईट प्रकार दुसरा नाही, कारण तो महिनोन्‌महिने काहीच देत नाही.

काही ठिकाणी युनिटचा अंश लावता येतो, म्हणजे पूर्ण डावाच्या १० टक्के किंवा २० टक्के. मग डिव्हिडंडही (जिंकलेल्या तिकिटाला मिळणारी रक्कम) तेवढाच अंश मिळतो. लहान रकमेत रुंद तिकीट काढायचं असेल तर हा मार्ग चांगला. पूर्ण डावाच्या अरुंद तिकिटापेक्षा अंशाचं रुंद तिकीट मला नवख्यासाठी नेहमीच बरं वाटतं.

रेसची प्रतवारी

आता कार्ड उघडा, पण घोड्यांच्या नावांकडे बघू नका. सहा रेसकडे फक्त एवढ्यासाठी बघा: कुठली रेस कळते आणि कुठली कळत नाही.

कळणाऱ्या रेस साधारण अशा असतात. घोडे थोडे, सहा-सात. वजन वय आणि आधीच्या विजयांवर ठरलेलं, म्हणजे चांगल्या घोड्याला मुद्दाम जड केलेलं नाही. सगळ्यांच्या आधीच्या रेस बघायला उपलब्ध. आणि एक घोडा बाकीच्यांपेक्षा वरच्या वर्गातून आलेला.

न कळणाऱ्या रेसमध्ये पहिला मान मोठ्या हँडिकॅपचा. हँडिकॅपर चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकतो, कच्च्यावर कमी, आणि त्याचा हेतूच असा असतो की सगळे एका रेषेत पोचावेत. सोळा घोड्यांच्या अशा रेसमध्ये तुम्ही ठामपणे एक घोडा सांगत असाल, तर एक तर तुम्हाला हँडिकॅपरपेक्षा जास्त कळतं, नाहीतर स्वतःचीच समजूत घालत आहात. दुसरा मान दोन वर्षांच्या, पहिल्यांदाच धावणाऱ्या घोड्यांच्या रेसचा. त्यांची कागदावर काहीच नोंद नसते. यात एक गंमत आहे: उत्तर गोलार्धात सगळ्या थरोब्रेड (रेसच्या जातीच्या) घोड्यांचा अधिकृत वाढदिवस १ जानेवारी, दक्षिणेत बऱ्याच देशांत १ ऑगस्ट. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि मे महिन्यात जन्मलेला, दोघेही कागदावर दोन वर्षांचे. मोसमाच्या सुरुवातीला हा चार महिन्यांचा फरक अंगापिंडात स्पष्ट दिसतो. जन्मतारीख छापलेली असेल तर ती जरूर बघा.

आता ही प्रतवारी तिकिटात काय फरक पाडते ते आकड्यांत बघू. समजा सहापैकी तीन रेस कळणाऱ्या आहेत. त्यांत तुमच्या पहिल्या घोड्याची जिंकण्याची शक्यता ५० टक्के, आणि पहिले दोन घोडे मिळून ६५ टक्के. उरलेल्या तीन गोंधळाच्या आहेत. त्यांत तुमचे पहिले दोन मिळून ३५ टक्के, पहिले चार मिळून ६२ टक्के.

पहिला माणूस सगळीकडे दोन-दोन घेतो. ६४ कॉम्बिनेशन्स. सहाही लेग पार करण्याची त्याची शक्यता सुमारे १.२ टक्के.

दुसरा माणूस कळणाऱ्या तीनमध्ये एकेकच घोडा घेतो आणि गोंधळाच्या तीनमध्ये चार-चार. १×१×१×४×४×४, म्हणजे पुन्हा ६४ कॉम्बिनेशन्सच. त्याची शक्यता सुमारे ३ टक्के.

खर्च तोच, घोड्यांचा अभ्यास तोच, तिकीट अडीचपट चांगलं. समान वाटप दिसायला शहाणपणाचं वाटतं, पण जिथे एक पुरतो तिथे तुम्ही दुप्पट पैसे भरता आणि जिथे चार लागतात तिथे निम्म्यावर थांबता.

आणखी एक गोष्ट. हे तिकीट पहिली रेस सुटण्याआधी काढावं लागतं. म्हणजे पहिल्या लेगचे घोडे तुम्ही पॅडॉकमध्ये फिरताना बघू शकता, पण सहाव्या लेगचे घोडे तेव्हा तबेल्यात असतात. मधल्या दोन-तीन तासांत पाऊस पडू शकतो, ट्रॅक बदलू शकतो, एखादा घोडा गळू शकतो. शेवटच्या लेगबद्दलची तुमची माहिती सगळ्यांत शिळी असते. म्हणून दोन लेग सारखेच अवघड वाटत असतील, तर जादा घोडा शेवटाकडच्या लेगमध्ये घाला.

घोडा वाचायचा कसा

यावर ग्रंथ लिहिता येतील. मी फक्त पूलसाठी लागणारं सांगतो.

आधी वर्ग. मागच्या रेसमध्ये तिसरा आलेला घोडा कुणामागे तिसरा आला, हे बघा. वरच्या वर्गात पाचवा आलेला घोडा खालच्या वर्गात जिंकलेल्यापेक्षा पुष्कळदा चांगला असतो. मग अंतर: १२०० मीटरला शेवटी दमलेला घोडा आज १००० वर आला असेल तर लक्ष द्या. १२०० ला शेवटी जोर लावत येणारा १४०० वर आला असेल, तरीही. त्यानंतर ट्रॅकची अवस्था. काही घोडे ओल्या मातीत वेगळेच होतात, आणि हे आधीच्या नोंदींत दिसतं. वळण लवकर येणाऱ्या छोट्या रेसमध्ये बाहेरच्या गेटमधून सुटणाऱ्याला जास्त पळावं लागतं. जॉकी, ट्रेनर, ॲप्रेंटिस जॉकीला मिळणारी वजनाची सूट, पहिल्यांदाच घातलेले ब्लिंकर्स (डोळ्यांच्या बाजूची झापडं), मोठ्या विश्रांतीनंतरची पहिली रेस, या सगळ्यांवर एकेक नजर टाका. प्रत्येकावर अर्धा तास घालवायची गरज नाही.

ज्यावर वेळ घालवायचा ती गोष्ट म्हणजे रेस पळणार कशी. कोण पुढे जाणार, किती जण पुढे जाणार, आणि मागून येणाऱ्यांना वाव मिळणार का. रेसमध्ये पुढे पळणारा एकच घोडा असेल आणि त्याला कुणी छेडणार नसेल, तर तो आपल्या चालीने पळतो, मधे श्वास घेतो आणि शेवटी सापडत नाही. असा एकटा पुढे पळणारा घोडा मला बँकर (लेगमध्ये एकटाच घ्यायचा भरवशाचा घोडा) म्हणून फार आवडतो. पुढे पळणारे तीन-चार असतील तर ते एकमेकांना दमवतात आणि मागचा एखादा सगळ्यांना ओलांडून जातो.

यात माझी एकदा चांगलीच फजिती झाली. पाच लेग पार झाले होते, शेवटच्या लेगमध्ये माझ्याकडे तीन घोडे होते आणि बारापैकी तीन म्हणजे मी स्वतःला सुरक्षित समजत होतो. गेट उघडलं आणि माझे तिघेही एकदम पुढे धावले. पहिले चारशे मीटर मी आनंदात होतो, तिन्ही माझेच पुढे. वळणावर आलो तेव्हा कळलं की तिघे एकमेकांचंच रक्त आटवत होते. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये मागून दोन घोडे आले, माझे तिसरा, सातवा आणि शेवटचा. घरी येऊन कार्ड पुन्हा बघितलं, तर तिघांच्याही मागच्या रेसच्या टिपणांत 'सुरुवातीपासून पुढे' असंच लिहिलं होतं. मी तीन घोडे घेतले होते, पण रेस पळण्याची शक्यता एकच घेतली होती. तेव्हापासून एका लेगमध्ये एकापेक्षा जास्त घोडे घेतले की स्वतःला विचारतो: हा जिंकणार असेल तर रेस कशी पळेल? दोघांचं उत्तर एकच आलं, तर त्यातला एक काढतो आणि रेस वेगळ्या तऱ्हेने पळाली तर जिंकेल असा घोडा घेतो.

गर्दी कुठे आहे

जगात बहुतेक ठिकाणी फेव्हरिट साधारण तीनपैकी एक रेस जिंकतो. म्हणजे सहा लेगचे सहाही फेव्हरिट येण्याची शक्यता अंदाजे ७२९ मध्ये एक. आणि आलेच, तर त्या दिवशी डिव्हिडंड इतका पातळ असतो की लोक तिकीट हातात धरून हसतात. म्हणून तिकिटात दोन-तीन ठिकाणी तरी गर्दीपासून बाजूला सरकायला हवं. नुसतं वेगळं दिसायचं म्हणून नव्हे, हिशेबाने.

हिशेब असा. समजा पाच लेगनंतर १०० तिकिटं जिवंत आहेत, प्रत्येकावर शेवटच्या रेसचा एकेकच घोडा आहे, आणि पूलमध्ये ६०० युनिट आहेत. फेव्हरिट जिंकण्याची शक्यता ४० टक्के, पण तो ६० तिकिटांवर आहे. दुसऱ्या एका घोड्याची शक्यता २० टक्के, आणि तो फक्त १० तिकिटांवर. फेव्हरिट आला तर प्रत्येकाला १० युनिट, दुसरा आला तर ६०. शक्यतेने गुणा. फेव्हरिटच्या तिकिटाची किंमत ४ युनिट, दुसऱ्याच्या तिकिटाची १२. निम्म्या शक्यतेचा घोडा तिप्पट मोलाचा.

प्रत्यक्षात कुठल्या घोड्यावर किती तिकिटं आहेत हे आधी दिसत नाही, पण अंदाज करता येतो. वर्तमानपत्रांतल्या टिप्समध्ये सगळ्यांनी एकच नाव दिलंय, जॉकी नावाजलेला, मागच्या खेपेला घोडा दिमाखात जिंकलेला: त्याच्यावर गर्दी असणारच. उलट मागच्या रेसमध्ये वाट अडल्यामुळे पाचवा आलेला, साध्या ट्रेनरचा घोडा लोक सोडून देतात. लक्षात ठेवा, फेव्हरिट टाळा असं मी म्हणत नाहीये. ज्या फेव्हरिटवर तुमचा खरोखर विश्वास आहे तो एकटा घ्या आणि त्यातून वाचलेले पैसे दुसरीकडे वापरा. ज्याच्यावर नाही, तो केवळ भीतीपोटी तिकिटात घालू नका. त्याला बाहेर ठेवलंत आणि तो हरला, तर एका झटक्यात निम्मी गर्दी तुमच्या वाटेतून दूर होते.

तिकीट बांधणं

आता मुख्य काम. प्रत्येक लेगमधले घोडे दोन गटांत लिहा. 'अ' म्हणजे जिंकायला हवेत असे, 'ब' म्हणजे जिंकले तर आश्चर्य वाटणार नाही असे. बाकीचे कागदावर आणूच नका.

एक कार्ड घेऊ. पहिला लेग, ७ घोडे, सोपा: अ मध्ये ३ नंबर, ब मध्ये ५. दुसरा, १४ घोड्यांचा हँडिकॅप: अ मध्ये २ आणि ९, ब मध्ये ६ आणि ११. तिसरा, कमी वयाच्या घोड्यांची रेस: अ मध्ये १, ४, ८, ब मध्ये ७. चौथा, ६ घोडे: अ मध्ये २ नंबर, ब रिकामा, हा आपला बँकर. पाचवा: अ मध्ये ५ आणि १०, ब मध्ये ३ आणि १२. सहावा, १६ घोड्यांची छोट्या अंतराची रेस: अ मध्ये ४ आणि ७, ब मध्ये १, १३ आणि १५.

सगळे अ आणि ब एकाच तिकिटात घातले तर २×४×४×१×४×५, म्हणजे ६४० कॉम्बिनेशन्स. परवडत नाही. त्याऐवजी तिकिटं वेगवेगळी काढा.

मुख्य तिकीट सगळ्या अ घोड्यांचं: १×२×३×१×२×२, एकूण २४. मग जोडतिकिटं. प्रत्येकात एकाच लेगमध्ये अ च्या जागी ब घालायचे, बाकी सगळीकडे अ. पहिल्या लेगमध्ये ब घातला तर २४. दुसऱ्यात २४. तिसऱ्यात ८. पाचव्यात २४. सहाव्यात ३६. मुख्य तिकीट धरून सगळे मिळून १४०. ६४० च्या जागी १४०, आणि सहापैकी एका लेगमध्ये तुमचा अंदाज थोडा चुकला तरी तुम्ही जिवंत. दोन लेगमध्ये ब आले तर बाहेर, हे मान्य करायचं.

मर्यादा १२० ची असेल तर काय काढायचं? इथे बरेच जण प्रत्येक लेगमधून थोडं थोडं कापतात. मी पहिल्या लेगचं जोडतिकीट संपूर्ण काढून टाकीन. ३ नंबरवर माझा विश्वास आहे, ५ नंबर मी केवळ भीतीने लिहिला होता. २४ वाचले, ११६ झाले. सहाव्या लेगला हात लावणार नाही. ती रेस मला कळत नाही, आणि तिथलं माझं अज्ञान झाकायला ३६ कॉम्बिनेशन्स लागतात.

तिकिटाचा आकार काय काय सांगून जातो याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. ऑक्टोबर २००२ मध्ये शिकागोजवळच्या आर्लिंग्टन पार्क रेसकोर्सवर ब्रीडर्स कप हा अमेरिकेतला मोठा रेसचा दिवस झाला. शेवटची रेस व्होल्पोनी नावाच्या, ४३ ला एकपेक्षाही मोठ्या भावाच्या घोड्याने जिंकली आणि सहाही विजेते धरलेली तिकिटं एकाच माणसाकडे निघाली, रक्कम ३० लाख डॉलरच्या वर. पण तिकिटाचा आकार होता १×१×१×१×८×१२. पहिल्या चार लेगमध्ये एकेकच घोडा, शेवटच्या दोन लेगमध्ये रेसमधले सगळे घोडे, आणि तेच तिकीट सहा वेळा. सराईत खेळणाऱ्यांना तिथेच पाल चुकचुकली: चार लेगमध्ये इतकी खात्री असलेला माणूस शेवटच्या दोनमध्ये इतका आंधळा कसा? आणि तेच तिकीट सहा वेळा काढण्याऐवजी ते पैसे त्याने दुसऱ्या घोड्यांवर का घातले नाहीत? चौकशीत निघालं की तिकिटांच्या संगणक यंत्रणेत काम करणाऱ्या एका माणसाने पहिल्या चार रेस झाल्यानंतर तिकीट बदललं होतं, कारण तिकिटांचा तपशील चौथा लेग संपल्यावरच मुख्य केंद्राकडे जात असे. वरातीमागून घोडं, पण यांचं घोडं वरातीआधी निघाल्यासारखं दाखवलेलं. पैसे मिळाले नाहीत, शिक्षा झाल्या.

कुठल्या दिवशी खेळायचं

रोज नाही. ज्या पूलमध्ये कुणी जिंकलं नाही आणि पैसे पुढे आलेत, त्याच दिवशी खेळलात तरी पुष्कळ झालं. कारण साधं आहे. समजा कालचे १०० युनिट पुढे आले आणि आज लोकांनी नवे २०० लावले. २५ टक्के कपात फक्त नव्या २०० वर होते, म्हणजे १५० उरले. त्यात कालचे १००. वाटपाला २५०, आणि आज लोकांनी मिळून घातलेत फक्त २००. अशा दिवशी एकूण हिशेब खेळणाऱ्यांच्या बाजूचा असतो. मात्र पुढे आलेल्या रकमेचा बोलबाला झाला की नवे पैसे इतके येतात की तो फायदा पातळ होतो. पुढे आलेले १०० आणि नवे २०००, तर वाटपाला १६००. बातमी मोठी, फायदा गेलेला.

कार्डही बघा. सहाही रेस सोप्या असतील त्या दिवशी सोडून द्या, गर्दी सगळी बरोबर येईल. सहाही अवघड असतील तर तुमचं तिकीट परवडणार नाही. दोन-तीन सोप्या, तीन-चार अवघड, हा दिवस आपला.

रेस चालू झाल्यावर

तिकीट हातात आल्याबरोबर खिडकीसमोरच नंबर तपासा. लेगचा नंबर आणि घोड्याचा नंबर यांची अदलाबदल ही सगळ्यांत जास्त होणारी चूक आहे, आणि पहिली रेस सुटल्यावर ती दुरुस्त होत नाही.

पाच लेग पार झाले, तर शेवटच्या रेसआधी कुठला घोडा आला तर किती मिळेल हे बहुतेक ठिकाणी फलकावर दाखवतात. तिथे मन शांत ठेवणं कठीण जातं. तुमच्याकडे नसलेल्या एखाद्या घोड्यावर साधी विनची पैज लावून थोडी रक्कम राखून ठेवता येते. हिशेबाच्या दृष्टीने त्यात पुन्हा कपात भरावी लागते, पण मोठी रक्कम हातातून जाण्याच्या भीतीने रात्रभर झोप लागणार नसेल, तर लावा. मी लावतो.

आणि रेस संपली म्हणून तिकीट फाडू नका. फोटो फिनिश असतो, जॉकीची तक्रार असते, रेसनंतर वजन होतं, आणि अधिकृत निकाल लागेपर्यंत पहिला दुसरा होऊ शकतो. माझं एक प्लेसचं तिकीट तिसऱ्या लेगला मेलं म्हणून मी पिशवीच्या कप्प्यात टाकलं होतं. त्या लेगमधला माझा एकमेव घोडा गेटवर अडून बसला आणि त्याला रेसमधून काढलं होतं. दोन दिवसांनी पिशवी रिकामी करताना बायकोने ते तिकीट बाहेर काढलं आणि विचारलं, "न पळालेल्या घोड्याचे पैसे जातात का हो?" तेव्हा कुठे मी नियमांचा कागद शोधायला लागलो. त्याच्या जागी फेव्हरिट धरला होता, आणि फेव्हरिट दुसरा आला होता.

रक्कम लहान होती. घेण्याची मुदत संध्याकाळी संपत होती.